वेळासची कासवं: वाळूखालचे पन्नास दिवस आणि पुळणीवरची दहा मिनिटं

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, मंडणगड तालुक्यात, बाणकोटच्या किल्ल्याजवळ वेळास आहे. नाना फडणवीसांचं मूळ गाव. नारळी-पोफळीच्या वाड्या, कौलारू घरं आणि गावाबाहेर लांबलचक पुळण, म्हणजे वाळूचा किनारा. एरवी शांत असलेल्या या गावात फेब्रुवारी लागला की शनिवार-रविवारी पुण्यामुंबईच्या गाड्यांची रीघ लागते. सगळे येतात ते समुद्री कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायला. सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास कासवमित्र, म्हणजे कासवांची घरटी राखणारी माणसं, कुंपणात शिरतात, वाळूवर उपड्या घातलेल्या टोपल्या एकेक करून उचलतात, आणि दोरीमागे उभी असलेली पोरं टाचा उंचावतात. पिल्लं निघाली असली तर ती पाण्याच्या अलीकडे वाळूवर सोडली जातात. नसली तर मंडळी माघारी फिरतात.

मुलांना अशा ठिकाणी प्रश्न पडतातच, आणि ते अगदी मुद्द्याचे असतात. यांची आई कुठंय? टोपली कशाला? एवढुसं पिल्लू धडपडतंय, मग त्याला उचलून सरळ पाण्यात का नाही ठेवत? या प्रश्नांची उत्तरं मोठ्या माणसांकडे बहुतेक वेळा नसतात, म्हणून ‘बघ, बघ, तो फोटो काढ’ यावर वेळ निभावून नेली जाते. मला ते फार चुकल्यासारखं वाटतं. पिल्लू वाळूवरून पाण्यापर्यंत जातं, ती दहा-पंधरा मिनिटंच आपल्याला दिसतात. त्याआधी पन्नासेक दिवस वाळूखाली बरंच काही घडलेलं असतं. किनाऱ्यावरचं कुंपण, टोपली, दोरी, ‘हात लावू नका’ हे सगळं त्या पन्नास दिवसांतून आलेलं आहे. ते समजलं की नियम जाचक वाटत नाहीत, आणि मुलं तर ते मोठ्यांपेक्षा कसोशीनं पाळतात.

आई येते, अंडी घालते आणि जाते

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणारी कासवं जवळजवळ सगळी ‘ऑलिव्ह रिडले’ जातीची. पूर्ण वाढलेल्या कासवाची पाठ साधारण दोन ते सव्वादोन फूट लांब, वजन चाळीस किलोच्या आसपास. समुद्री कासवांत ही लहान चणीची. पाठीच्या हिरवट-करड्या रंगावरून नाव पडलं. विहिरीतलं किंवा तळ्यातलं कासव डोकं आणि पाय कवचात ओढून घेतं. समुद्री कासवाला ते करता येत नाही. त्याच्या पायांची वल्ही झालेली असतात. त्यामुळे जमिनीवर आलेली मादी अगदी उघडी असते, संथ असते, आणि म्हणूनच ती रात्री येते.

भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत ती मागच्या वल्ह्यांनी खड्डा खणते. डोळ्यांना तो खड्डा दिसत नाही, सगळं काम मागच्या मागे, स्पर्शावर चालतं. एक वल्हं आत जातं, वाळू उचलून बाजूला टाकतं, मग दुसरं. दीडेक फूट खोल गेल्यावर खड्ड्याचा आकार मडक्यासारखा होतो, तोंड अरुंद आणि पोट रुंद. त्यात ती शंभर-सव्वाशेपर्यंत गोल, पांढरी, मऊ कवचाची अंडी सोडते. कवच कडक नसतं म्हणून एकावर एक पडूनही ती फुटत नाहीत. मग वाळू लोटून खड्डा बुजवते, आणि अंग डावीकडून उजवीकडे आपटत ती वाळू घट्ट बसवते. वर इकडेतिकडे वाळू उडवून जागा लपवते. सगळं तासाभरात उरकून ती समुद्रात निघून जाते.

अंडी घालताना तिच्या डोळ्यांतून पाणी गळताना दिसतं. त्याचा दुःखाशी संबंध नाही. समुद्राचं खारं पाणी पोटात जात असल्यामुळे जादा मीठ बाहेर टाकणारी ग्रंथी तिच्या डोळ्यांजवळ असते, आणि ती अखंड काम करत असते. पाण्यात ते दिसत नाही, किनाऱ्यावर दिसतं.

तर आई कुठंय, या प्रश्नाचं उत्तर हे. ती समुद्रात आहे, आणि कदाचित काही आठवड्यांनी त्याच किनाऱ्यावर दुसऱ्यांदा अंडी घालून गेलीही असेल. पिल्लं बाहेर येतात तेव्हा ती हजर नसते आणि पिल्लांना ती कधीच ओळखत नाही. मुलांना हे ऐकून वाईट वाटतं. पण शंभर अंडी एका रात्रीत घालायची आणि राखण वाळूवर सोपवायची, ही रीत माणूस पृथ्वीवर येण्याच्या कितीतरी आधीपासून चालत आली आहे. आईची माया नसल्यानं या प्राण्यांचं काही अडलं नाही. अडलं ते आपण किनाऱ्यावर आल्यापासून.

ओडिशातल्या गहिरमाथा आणि ऋषिकुल्या इथे याच जातीच्या माद्या काही रात्रींत लाखोंच्या संख्येनं येतात. आपल्याकडे तसं होत नाही. कोकणात मादी एकटी येते. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, आज या पुळणीवर एक, चार दिवसांनी पलीकडच्या पुळणीवर दुसरी. गर्दीत घातलेल्या अंड्यांना निदान गर्दीचं संरक्षण असतं; कोल्ही-कुत्री खाऊन खाऊन किती खाणार? एकट्या मादीचं घरटं एका कोल्ह्याला सापडलं की संपलं. कोकणात घरटं न् घरटं राखावं लागतं, ते यासाठी.

अंडी हलवायची तर किती वेळात?

पहाट व्हायच्या आत कासवमित्र पुळणीवर चालायला निघतो. वाळूवर मादीच्या येण्याजाण्याचा माग उमटलेला असतो. ऑलिव्ह रिडलेची चाल एकाआड एक वल्हं टाकत जाण्याची, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या खुणा एकमेकींसमोर न येता तिरक्या पडतात. माग जिथे वळून परत समुद्राकडे जातो तिथे वाळू विस्कटलेली असते. तिथे तो हातातली काठी हलकेच वाळूत घालून बघतो. सगळीकडे काठी अडते. जिथे नुकतंच खणून बुजवलंय तिथे ती सहज आत जाते. मग काठी बाजूला ठेवून हातांनी उकरायचं, कारण पुढे अंडी आहेत.

जागा सुरक्षित असेल तर घरटं तिथेच ठेवणं सगळ्यांत चांगलं. पण मोठ्या भरतीचं पाणी तिथवर येणार असेल, किंवा कुत्र्या-कोल्ह्यांचा वावर असेल, तर अंडी मोजून काढतात आणि कुंपणातल्या सुरक्षित जागेत पुरतात. या जागेला हॅचरी म्हणतात. नाव ऐकून काहींना कोंबडीच्या अंड्यांसारखं उबवणी यंत्र असेल असं वाटतं, पण तिथे यंत्र वगैरे काही नसतं. जाळीचं कुंपण, तीच वाळू, तेवढाच खोल आणि त्याच आकाराचा हातानं खणलेला खड्डा, आणि वर अंडी कधी घातली, किती होती हे लिहिलेली पाटी.

यात घाई असते आणि तिला ठोस कारण आहे. मादीच्या पोटात असताना अंड्यातल्या गर्भाची वाढ थांबलेली असते, कारण तिथे प्राणवायू अगदी कमी मिळतो. अंडं बाहेर पडलं, हवा मिळाली की वाढ पुन्हा सुरू होते. काही तासांतच गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला, वरच्या अंगाला चिकटतो. त्यानंतर अंडं उलटंपालटं झालं किंवा त्याला हिसका बसला तर गर्भ सुटतो आणि मरतो. म्हणून अंडी हलवायची तर पहिल्या काही तासांतच, आणि त्यातही न फिरवता, न हलवता. पहाटे अंधारात उठून चार-पाच किलोमीटर वाळू तुडवणाऱ्या माणसाची सगळी धडपड या काही तासांसाठी असते. उशिरा सापडलेलं घरटं उचलण्यापेक्षा जागेवर जाळी लावून राखलेलं बरं.

मुलगा की मुलगी, हे वाळू ठरवते

माणसात मूल मुलगा होणार की मुलगी, हे गर्भधारणेच्या क्षणी ठरतं. कासवात ते तेव्हा ठरलेलं नसतं. अंडी उबण्याचा काळ साधारण 45 ते 60 दिवसांचा. त्याच्या मधल्या तिसऱ्या हिश्श्यात वाळूचं तापमान किती होतं, त्यावर नर की मादी हे ठरतं. साधारण 29 ते 30 अंश सेल्सियसच्या आसपास दोन्ही होतात. त्याहून गार असेल तर नर जास्त, गरम असेल तर माद्या जास्त. फार तापलं, 34-35 अंशांच्या वर टिकून राहिलं, तर पिल्लं अंड्यातच मरतात.

डिसेंबर-जानेवारीत कोकणातली वाळू रात्री चांगली गार पडते. मार्च-एप्रिलमध्ये ती दुपारी अनवाणी पायांना सोसत नाही. एकाच पुळणीवरचं जानेवारीतलं घरटं आणि मार्चमधलं घरटं म्हणजे वेगवेगळ्या प्रमाणात नर-मादी. शिवाय दोन्हींना लागणारे दिवसही वेगळे. गार वाळूत पिल्लं सावकाश तयार होतात, गरम वाळूत लवकर. पिल्लं कधी येतील याची नेमकी तारीख कोणी का सांगू शकत नाही, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

हवामान तापत चाललंय ही गोष्ट कासवांसाठी दूरची नाही, ती थेट घरट्यात शिरते. वर्षानुवर्षं माद्याच जास्त निपजत राहिल्या तर पुढे नर कुठून येणार? म्हणून हॅचरी उन्हात कुठे आहे, सावलीत कुठे आहे, दोन घरट्यांत अंतर किती आहे, याला महत्त्व असतं. वाढणाऱ्या गर्भांची स्वतःचीही ऊब असते. घरटी दाटीवाटीनं पुरली तर ती ऊब साचते. वरून आच्छादन घालायचं की नाही हा प्रश्न त्यामुळे मंडपाच्या शोभेचा नाही, पुढच्या पिढीत नर किती असतील याचा आहे.

बाहेर यायला सगळे लागतात

दिवस भरले की पिल्लू नाकाच्या टोकावरच्या छोट्या टणक दातानं कवच फाडतं. पण लगेच वर येत नाही. अंड्यात दुमडून बसलेलं त्याचं अंग सरळ व्हायला आणि उरलेला बलक पोटात ओढला जायला वेळ लागतो. हा बलक म्हणजे त्याची शिदोरी. पुढचे काही दिवस तोंडात एक घास न जाता त्याला यावरच निभवायचं आहे.

मग वर चढणं सुरू होतं, आणि हा भाग मला सगळ्यांत विलक्षण वाटतो. दीड फूट वाळूखालून एकट्या पिल्लाला वर येणं फार कठीण आहे. सगळी मिळून येतात. अंडी फुटल्यामुळे आत थोडी पोकळी झालेली असते. वरची पिल्लं डोक्यावरची वाळू खरवडतात, ती खाली झरते, खालची पिल्लं ती तुडवून पायाखाली घालतात. अख्खा जमाव तसूतसूनं वर सरकतो. एक हललं की शेजारचं हलतं, ते थांबलं की सगळी थांबतात. हे काही दिवस चालतं. शेवटी पृष्ठभागाजवळ आल्यावर वाळू गरम लागली तर ती तिथेच निपचित राहतात, आणि ऊन उतरून वाळू गार झाली की उसळून बाहेर येतात. म्हणजे नैसर्गिकपणे पिल्लं बहुतेक करून रात्री किंवा अगदी पहाटे बाहेर पडतात. भर दुपारी बाहेर पडणारं पिल्लू उन्हानं तरी मरतं किंवा घार तरी उचलते.

घरट्यावरची वाळू मध्येच थोडी खचून उथळ खळगा पडला की कासवमित्र समजतात, आता आली. टोपली घालायची ती या दिवसांसाठी. घरट्यातून निघालेली पिल्लं कुंपणात सैरावैरा फिरून दमू नयेत आणि कावळे-खेकड्यांच्या तावडीत सापडू नयेत, म्हणून.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. रात्री दोन वाजता वर आलेली पिल्लं सकाळी सातपर्यंत टोपलीखाली राहिली, तर ते पाच तास ती नुसती बसून नसतात, वल्ही मारत असतात आणि शिदोरी संपवत असतात. शास्त्राच्या दृष्टीनं पिल्लं वर आली की लवकरात लवकर सोडलेली चांगली, मग बघायला कोणी असो वा नसो. चांगल्या चाललेल्या केंद्रांत दिवस भरत आलेल्या घरट्यांवर रात्रीही लक्ष ठेवतात. त्यामुळे सकाळी टोपलीखाली काहीच नाही म्हणजे बेत फसला असं मानू नये. पिल्लं रात्रीच समुद्रात गेली असतील तर त्यांच्या दृष्टीनं ती सगळ्यांत चांगली रात्र होती. पर्यटकांसाठी पिल्लं थांबवून ठेवा असा आग्रह कोणीही धरू नये, आणि कोणी धरत असेल तर शेजारच्यानं त्याला समजावून सांगावं.

उचलून पाण्यात का नाही ठेवत?

पिल्लू जेमतेम दीड-दोन इंचांचं, वजन पंधरा-वीस ग्रॅम. ते वाळूवर ठेवल्यावर क्षणभर थांबतं, मग चालायला लागतं. दिशा त्याला उजेड देतो. अंधारात समुद्राकडचं क्षितिज जमिनीपेक्षा उजळ असतं, आणि जमिनीच्या बाजूला सुरूच्या बनाची, टेकाडांची काळी उंच कड असते. पिल्लू काळ्या उंच कडेपासून दूर आणि खालच्या उजळ रेषेकडे जातं. लाखो वर्षं ही खूण पुरेशी होती. आता किनाऱ्यामागे रिसॉर्टचा एक दिवा लागला की समुद्रापेक्षा तोच उजळ, आणि पिल्लं उलट दिशेनं रस्त्याकडे चालू लागतात. मोबाइलचा टॉर्च आणि फ्लॅश हा त्याच दिव्याचा धाकटा भाऊ. फ्लॅश नको म्हणतात तो एवढ्यासाठी.

उचलून पाण्यात टाकलं तर हे चालणं त्याच्या वाट्याला येत नाही. चालताना त्याची फुप्फुसं आणि वल्ही कामाला लागतात. शिवाय पिल्लं आपल्या जन्माच्या किनाऱ्याची ओळख मनात घेऊन जातात, मोठेपणी परत येण्यासाठी. पृथ्वीचं चुंबकत्व प्रत्येक किनाऱ्यावर किंचित वेगळं असतं आणि समुद्री कासवांना ते जाणवतं, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे. ही ओळख नेमकी कोणत्या घडीला पक्की होते, यावर अजून अभ्यास चालू आहे. अशा वेळी निसर्गानं जो क्रम लावून दिलाय तो न मोडणं शहाणपणाचं. म्हणून पिल्लं पाण्यात नाही, पाण्यापासून काही मीटर अलीकडे ओलसर वाळूवर सोडतात.

आता दोरीचं. आपल्या पायाचा ठसा ओल्या वाळूत इंचभर खोल उमटतो. दोन इंचांच्या पिल्लाला तो खड्डा आहे. ते त्यात उतरतं, समोरच्या कडेला पुढची वल्ही टेकवतं, कड ढासळते, ते उताणं पडतं, पुन्हा सुलटं होण्यासाठी मान ताणून धडपडतं. असे वीस ठसे वाटेत असतील तर पिल्लाची निम्मी ताकद पाण्यापर्यंत पोचण्यातच जाते. म्हणून सोडण्याच्या पट्ट्यात कोणी पाय ठेवायचा नाही. मुलांना हे पुळणीवर खाली बसवून दाखवा. एक ठसा उमटवायचा, त्याची खोली बोटानं मोजायची आणि शेजारी पिल्लाची लांबी वाळूत रेघ मारून दाखवायची. दोरीबद्दल पुन्हा काही सांगावं लागत नाही.

पहिली लाट बहुतेक पिल्लांना परत फेकते, काही पार उलटी होतात. हा क्षण बघवत नाही आणि मोठी माणसंही पुढे धावतात. धावू नका. दुसरी-तिसरी लाट त्यांना घेऊन जाते. पाण्यात गेल्यावर ती लाटांच्या विरुद्ध दिशेनं पोहतात, कारण किनाऱ्याजवळ लाटेच्या विरुद्ध म्हणजे खोल समुद्राकडे. साधारण पहिला संपूर्ण दिवस ती जवळजवळ न थांबता पोहत राहतात. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात मासे आणि पक्षी टपलेले असतात; जितक्या लवकर तिथून बाहेर, तितकं बरं. शिदोरी तिथे कामी येते.

यातली मोठी किती होतात? हजारातलं एक, असा ढोबळ अंदाज नेहमी सांगितला जातो. मुलांपासून हे लपवू नये असं माझं मत आहे. शंभर अंडी का, एवढी राखण का, दोरी का, या सगळ्याचं उत्तर त्या एका आकड्यात आहे.

पुढे कुठे जातात?

पहिली काही वर्षं ती उघड्या समुद्रात प्रवाहांबरोबर वाढतात. प्रवाह जिथे एकत्र येतात तिथे त्यांचं खाद्य साचतं, आणि आपलं प्लास्टिकही तिथेच साचतं. वयात यायला ऑलिव्ह रिडलेला दहा-पंधरा वर्षं लागतात. म्हणजे आज पाच वर्षांची मुलगी जे पिल्लू बघते, ते मादी असलं आणि जगलं-वाचलं तर ती कॉलेजात जाईपर्यंत अंडी घालायला येईल.

मोठी कासवं कुठे फिरतात हे कोकणात अलीकडेच कळायला लागलं. 2022 च्या सुरुवातीला भारतीय वन्यजीव संस्था आणि महाराष्ट्राच्या वन विभागाच्या कांदळवन प्रतिष्ठाननं वेळास, आंजर्ले आणि गुहागरला अंडी घालून परतणाऱ्या पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेले टॅग बसवले. त्यांना नावं दिली: प्रथमा, सावनी, रेवा, वनश्री, लक्ष्मी. पुढच्या वर्षी गुहागरला बागेश्री आणि गुहा यांना टॅग केलं. बागेश्री दक्षिणेला गेली, श्रीलंकेला वळसा घालून थेट बंगालच्या उपसागरात पोचली. तोवर पूर्व किनाऱ्याची कासवं वेगळी आणि पश्चिमेची वेगळी, असं सरसकट धरलं जात होतं.

मग जानेवारी 2025 मध्ये गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या वल्ह्यावर धातूचा बिल्ला सापडला. क्रमांक 03233. तो 2021 मध्ये ओडिशात लावलेला होता. तिकडे लाखोंच्या मेळ्यात अंडी घालणारी मादी इकडे कोकणात एकटी येऊन अंडी घालून गेली, दोन किनाऱ्यांमध्ये साडेतीन हजार किलोमीटरचा समुद्र. एका बिल्ल्यानं अभ्यासकांचे कित्येक आडाखे हलवले. पुळणीवर कोणीतरी जागं होतं म्हणूनच तो बिल्ला वाचला गेला, हेही लक्षात घ्यायला हवं.

अंडी खाणारं गाव राखणारं कसं झालं

पंचवीस वर्षांपूर्वी कोकणात कासवाची अंडी सापडली की ती उकरून खाल्ली किंवा विकली जात. त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. 2002 मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं, भाऊ काटदरे यांच्या पुढाकारानं, वेळासला घरटी राखायला सुरुवात केली. अंडी शोधण्यात ज्यांचा हात बसलेला होता, त्यांनाच राखणीला घेतलं. माग कसा ओळखायचा हे पुस्तकातून शिकलेल्या माणसापेक्षा त्यांना जास्त कळत होतं. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, बघायला लोक यायला लागले, आणि गावकऱ्यांनी आपल्या घरात त्यांची राहण्या-जेवणाची सोय केली. हॉटेल नाही, ओसरीवर पाट, ताटात भात-आमटी, सोलकढी, नशीब असेल तर उकडीचे मोदक. उन्हाळ्यातले दोन महिने घरात चार पैसे येऊ लागले.

कायद्यानं हे कासव 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला. पण पुळणीवर रात्री पोलीस नसतो. मादीचा माग पहिल्यांदा ज्याला दिसतो तो गावातलाच कोणीतरी असतो, आणि त्यानं अंडी विकायची की कासवमित्राला हाक मारायची, यावर सगळं अवलंबून आहे. त्याला घरी बसून चार पैसे मिळण्याची सोय झाली, तेव्हा वेळासमध्ये ते बदललं. तुम्ही वेळासला जाऊन गावकऱ्याच्या घरी राहता, त्याचा पिल्लांशी संबंध असतो तो इतका सरळ. सकाळी येऊन पिल्लं बघून दुपारी मोठ्या रिसॉर्टला निघून जाण्यात तो संबंध तुटतो.

आज राज्यभर वन विभाग आणि कांदळवन कक्ष हे काम बघतात. आंजर्ले, गुहागर, हरिहरेश्वर, दिवेआगर, वेंगुर्ल्याजवळ वायंगणी इथेही घरटी राखली जातात. गोव्यात मोरजी, आगोंद, गालजीबाग. आणि मुंबईकरांनो, मार्च 2018 मध्ये वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेची ऐंशीच्या आसपास पिल्लं निघाली. अफरोज शाह आणि स्वयंसेवकांनी त्याआधी दोनेक वर्षं तो किनारा कचऱ्यातून मोकळा केला होता.

जाणार असाल तर

फेब्रुवारीचा शेवट ते मार्च हा काळ बरा. निघण्याआधी गावात फोन करून कोणत्या घरट्यांचे दिवस भरत आलेत ते विचारा. एका दिवसात जाऊन-येऊन करण्यापेक्षा दोन रात्री राहा. चार वेळा टोपल्या उचलताना बघायला मिळेल. हरिहरेश्वरकडून येत असाल तर बागमांडल्याहून वेसवीला फेरीबोटीनं खाडी ओलांडता येते, गाडीसकट. मुलांसाठी तो एक वेगळाच आनंद. पुळणीवर सावली नाही, दुकान नाही. पाण्याची बाटली न्या आणि रिकामी परत आणा. कुत्रा बरोबर असेल तर त्याला पुळणीवर अजिबात नेऊ नका, साखळीनं बांधूनही नाही. आणि गाडीत बसतानाच मुलांना सांगून ठेवा की पिल्लं दिसतीलच असं नाही. कधी एका घरट्यातून साठ निघतात, कधी एकच, कधी काहीच नाही.

मुलांचा आणखी एक प्रश्न असतो: कासव पाण्यातच राहतं तर बुडतं कसं? समुद्री कासव हवेत श्वास घेतं, त्याला वर यावंच लागतं. ट्रॉलरच्या जाळ्यात ते तळाशी ओढलं गेलं की गुदमरून मरतं. यावर उपाय आहे. जाळ्यात एक तिरकी जाळी आणि वर झडप बसवायची. कोळंबी मागे जाते, कासव झडपेतून निसटतं. ही सोय आपल्या नौकांवर नाही म्हणून अमेरिकेनं भारताच्या समुद्रात पकडलेल्या कोळंबीची आयात बंद केली होती. सगळा दोष मच्छीमारांवर टाकणं मात्र अन्यायाचं आहे. जाळं हे त्यांच्या घरातलं सगळ्यांत महाग सामान. ते कापून कासव सोडायचं म्हणजे आठवड्याची कमाई पाण्यात. म्हणून महाराष्ट्र सरकारनं 2018 च्या अखेरीस योजना आणली: जाळ्यात अडकलेलं संरक्षित जातीचं कासव, देवमासा किंवा असा प्राणी जाळं कापून सोडला, त्याचा फोटो किंवा व्हिडिओ दिला, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी 25,000 रुपयांपर्यंत भरपाई. कोकणातल्या कितीतरी मच्छीमारांनी तशी कासवं सोडली आहेत.

शेवटी एक उपयोगाची गोष्ट. पावसाळ्यात जखमी, अशक्त कासवं किनाऱ्याला लागतात. कोणाचं वल्हं तुटलेल्या जाळ्यानं कापलेलं असतं, कोणाच्या पाठीला बोटीचा पंखा लागलेला असतो. असं कासव दिसलं तर दया म्हणून त्याला समुद्रात ढकलू नका. किनाऱ्याला आलेलं मोठं कासव बहुधा पोहण्याच्या स्थितीत नसतं आणि पाण्यात परत गेलं तर बुडतं. त्याच्याभोवतीची गर्दी हटवा, कुत्र्यांना दूर ठेवा, सावली करा, अंगावर ओलं फडकं टाका, पण नाकपुड्या झाकू नका आणि तोंडात पाणी ओतू नका. वन विभागाचा मदत क्रमांक 1926 आहे. डहाणूला अशा कासवांवर उपचार करणारं केंद्र आहे, आणि तिथे बरी झालेली कासवं पुन्हा समुद्रात सोडली जातात.